गोठ्यातलं ग्राफिक्स कार्ड

टोल नाक्यावर सहा वर्षं नोकरी केलेलं ग्राफिक्स कार्ड गेमिंगच्या कॉम्प्युटरला लावलं, की ते घोड्यांच्या मागं जाऊन नंबरप्लेट शोधतं. ही गोष्ट भरतेश मगदूमनं मिरजेत, इनामदारचाचांच्या दुकानात, उभ्या उभ्या पडद्यावर पाहिली. सरदार तलवार उपसून निघाला होता, पण त्याच्या घोड्याचं ढुंगण तेवढं लख्ख दिसत होतं. सरदाराच्या तोंडाच्या जागी नुसता धूर.

"माणसांत त्याला इंटरेस्ट नाही," चाचा म्हणाले. "बाकी गुणी आहे."

"दुसरं दाखवा, चाचा."

दुसरं लग्नाच्या शूटिंगमधून आलेलं. त्यानं त्याच सरदाराला गोरापान केलं, गाल गुलाबी केले आणि लढाईला तोंड फुटताच वरून पाकळ्या सोडल्या. तिसरं परीक्षेच्या हॉलवर नजर ठेवणारं. ते शेजारी उभ्या राहिलेल्या दोन सैनिकांना ओढून लांब लांब करायचं. चौथं कांद्याच्या प्रतवारीच्या पट्ट्यावरचं. त्यानं शत्रूचं अख्खं सैन्य लहान, मध्यम, मोठं असं लावून दिलं.

"हे बरं आहे की," भरतेश म्हणाला.

"बरं आहे. पण कोंब आलेला सैनिक दिसला तर उचलून बाहेर टाकतं."

यात कार्डांचा काही दोष नव्हता. पूर्वीची कार्डं पडद्यावरचं प्रत्येक चित्र गणित करून काढायची. उजेडाचा किरण कुठून निघाला, कशावर आपटला, किती वळला. त्यात वीज भरमसाट जायची. मग कुणीतरी अशी चिप शोधली, जी गणित करत नाही, अंदाज बांधते. तिच्या आतल्या केसाहून बारीक तारा अशा पदार्थाच्या, की ज्या तारेतून वीज पुन्हा पुन्हा जाते तिचा अडथळा कायमचा कमी होतो. माळावर माणसं रोज जिथून चालतात तिथं गवत मरून पाऊलवाट पडते, तसंच. चिप जे बघते त्याच्या वाटा तिच्यात पडतात, आणि मग ती अर्धं बघून पुढचं ओळखते. अशा कार्डाला बाजारात 'सराईत' म्हणायचे. कोरं कार्ड म्हणजे न तुडवलेला माळ, ते शहाणं व्हायला वर्षं लागायची. कंपनीनं गेम खेळवून तयार केलेलं कार्ड म्हणजे डांबरी रस्ता. त्याची किंमत ऐकून भरतेशनं चाचांकडं प्यायला पाणी मागितलं होतं. राहिलं वापरलेलं. पण वापरलेल्याची जुनी सवय पुसता येत नाही. पुसायला गेलं तर माळच जळतो.

भरतेश जयसिंगपूरचा. दिवसा एका सोलर पंपाच्या कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचा आणि उरलेल्या वेळात 'कृष्णाकाठचे कर्दनकाळ' या तिघांच्या संघातून जगाशी लढायचा. गेल्या वर्षी गेमच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत त्याचा जुना कॉम्प्युटर ऐन वेळी गोठला. भरतेश एक पाय उचललेल्या अवस्थेत पुतळा झाला आणि विरुद्ध संघानं त्याला सगळ्या बाजूंनी निवांत बघून मग मारलं. संघ बाहेर पडला. कप्तान गार्गी हेरवाडे पुण्यात शिकत होती आणि कमी बोलायची. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी नवीन मशीन. नाहीतर नवीन भरतेश."

आणि भरतेशला त्या संघाशिवाय दुसरीकडं कुठं जागा नव्हती. शाळेत त्याला 'म्हशा' म्हणत, कारण घरी चार म्हशी आणि अंगाला त्यांचा वास. संघात हे कुणालाच माहीत नव्हतं. कॅमेरा त्यानं असा लावला होता, की मागं फक्त भिंत दिसावी. इंटरनेटवरून वास जात नाही, हा त्याच्या मते मानवजातीचा सगळ्यात मोठा शोध होता.

"चाचा, स्वस्तातलं आणि दणकट. खोड काहीही असू दे."

चाचांनी माळ्यावरून एक विटेएवढं काळं कार्ड काढलं, फुंकर मारली. "डेअरीचं आहे. बाळंतपणाच्या गोठ्यात होतं. म्हैस व्यायला आठ दिवस राहिले, की तिला तिथं आणायचे आणि हे तिच्यावर नजर ठेवायचं. ताकद विचारू नको, हत्ती आहे. डेअरी मोठी झाली म्हणून बदललं."

"खोड काय?"

"गवत फार मन लावून काढतं."

भरतेशनं कार्ड हातात घेऊन आधी हुंगून बघितलं. एवढ्या जगातून त्याच्या वाट्याला गोठाच यावा! पण अंथरूण पाहून पाय पसरायचे तर त्याला पाय तोडून घ्यावे लागले असते. त्यानं कार्ड घेतलं. बाकीच्या वस्तूंत काटछाट केली. प्रोसेसर दोन पिढ्या मागचा, रॅम निम्मी, रंगीत दिवे रद्द. फक्त एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज वाटणारा डबा, चाचांनी चांगला घ्यायला लावला. "कार्ड नवरदेव असेल, पण हा मुलीचा बाप आहे. हा बसला की मांडव गेला."

कॅबिनेटला काहीच उरलं नाही. म्हणून भरतेशनं घरातला जुना, अल्युमिनियमचा, चाळीस लिटरचा दुधाचा कॅन घेतला. आत लाकडी चौकट बसवली, तिच्यावर मदरबोर्ड, तळाला भोक पाडून पंखा. उष्णता अल्युमिनियमनं अशी ओढून घेतली, की महागडी कॅबिनेटं लाजावीत.

आईनं दारातून बघितलं. "ह्यो आता किती देतोय?"

"सेकंदाला दोनशे चित्रं."

"फॅट?"

पहिल्यांदा चालू केलं आणि भरतेशनं खुर्ची पुढं ओढली.

पडद्यावर माळ होता. त्यानं हा माळ हजारदा पाहिला होता; आतापर्यंत तो एक हिरवा रंग होता. आता ते गवत होतं. एकेक पातं वेगळं, कुणी वाकलेलं, कुणी कुणीतरी अर्धं खाल्लेलं. वारा आला तो एकदम नाही आला; लांबून गवत निजवत निजवत आला. पात्यांच्या बुडाशी दव होतं, आणि दवात आभाळ होतं. भरतेशनं खुर्ची मागं घेतली, कारण क्षणभर त्याला वाटलं आपण पाय ठेवलाय तिथलं तुडवतोय. घोडे कान हलवत होते, कातडी थरथरवून माशी उडवत होते. पोटात जरा जड वाटत होते, पण स्वस्तातल्या कार्डात एवढं चालायचंच.

"भरत्या, मशीन मस्त पळतंय की लेका!" मिरजेहून जोएल आवळे कानात ओरडला. जोएल संघातला तिसरा. तो नेहमी ओरडायचाच. "कुठलं कार्ड?"

"इम्पोर्टेड," भरतेश म्हणाला.

पात्रता फेरी रविवारी दुपारी होती. शेवटच्या टप्प्यात एक डोंगर, डोंगराच्या पोटात गुहा, गुहेत ड्रॅगन. तिला सगळं जग आपापल्या भाषेत म्हातारी म्हणायचं. जो संघ तिला मारील तो पुढं जाणार. म्हातारी फक्त याच फेरीत दिसायची, त्यामुळं तिच्यावर सराव करायची सोय नव्हती. कर्दनकाळ आणि व्हिएतनामचा एक संघ, असे दोनच इथवर पोचले होते. बघे पाच लाखांच्या वर.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. एवढं मोठं जग एका ठिकाणी सांभाळणं परवडत नाही, म्हणून गेमच्या कंपनीनं ते खेळाडूंच्याच कार्डांवर वाटून टाकलं होतं. ज्या प्राण्याजवळ जे खेळाडू, त्यांची कार्डं मिळून त्या प्राण्याचा अंदाज बांधणार: आता तो मान कुठं वळवील, श्वास कसा घेईल. कार्डांचं एकमत झालं नाही, तर ज्या कार्डाची खात्री जास्त त्याचं खरं. अनोळखी गावात रस्ता विचारला, की आपण सगळ्यात ठाम बोलणाऱ्याच्या मागं जातो, तोच हा न्याय. ड्रॅगनच्या बाबतीत कंपनी निर्धास्त होती. ड्रॅगन कुणीच पाहिलेला नाही, तर खात्री कुणाला असणार?

दुधाच्या कॅनमधल्या कार्डाला होती. अजस्र, काळपट, चार पायांचं, फुसफुसणारं जनावर त्याच्या चांगलं ओळखीचं होतं. आणि त्यानं आयुष्यात असं एकही जनावर पाहिलेलं नव्हतं, जे व्यायला आलेलं नाही.

गुहेत शिरताच गार्गीचा आवाज आला. "जोएल डावीकडून. भरतेश, तू डोळ्यावर नेम धर. ती आग ओकायच्या आधी."

म्हातारी आग ओकेना. ती उठली. एक फेरी मारली, बसली. पुन्हा उठली. मान वळवून तिनं आपल्याच कुशीकडं बघितलं, मग पुढच्या पायानं जमीन उकरली. शेपटी एका बाजूला धरून ठेवलेली. शेपटीच्या दोन्ही अंगांना खोलगट खड्डे पडलेले.

भरतेशचा बाण दोरीवर होता. बोट उचलायचा अवकाश, वर्षभराचं ओझं उतरणार होतं.

"भरतेश, मार!"

"थांब," तो म्हणाला. त्याच्याही नकळत आवाज खाली गेला होता, गोठ्यात जातो तसा. "व्यायला आलीय."

"कोण?"

"म्हातारी."

मग जोएल म्हणाला, "कुणापासून?"

"जोएल, गप्प," गार्गी म्हणाली. "भरतेश, हा ड्रॅगन आहे. बग असेल. मार आणि संपव. तुझ्यामुळं गेलं वर्ष गेलंय, कळतंय का?"

कळत होतं. त्यानं सगळं मोजून-मापून, पै-पैला कात्री लावून हे मशीन जुळवलं होतं ते याच एका बाणासाठी. पुन्हा नेम धरला. तेवढ्यात म्हातारीला कळ आली. तिच्या अंगावरून, मानेपासून शेपटीपर्यंत, लाट गेली. खवल्यांखाली निखाऱ्यासारखा लाल उजेड पेटत गेला आणि विझला. ती हंबरली. डोंगराएवढ्या जनावराचं ते हंबरणं इतकं एकटं होतं, की गुहेच्या छतावरून माती गळाली.

स्पीकरचा आवाज ऐकून आई दारात आली होती. "कुणाची हाय?"

"कुणाची न्हाई."

"मग बस की तिच्याजवळ," आई म्हणाली आणि वैरण टाकायला गेली.

भरतेशनं धनुष्य खाली ठेवलं. हे बटण गेममध्ये आहे हेच पुष्कळांना माहीत नव्हतं. मग तो वळसा घालून, म्हातारीला आपण दिसू असा, सावकाश तिच्या मागं गेला.

"गार्गी, ऐक. माझ्या घरी चार म्हशी आहेत. मी लहानपणापासून हेच बघतोय. एक पाय बाहेर आलाय, दुसरा आत मुडपलाय. असंच राहिलं तर आई आणि पिल्लू, दोन्ही जातील. मला दोर पाहिजे आणि माणसं पाहिजेत. संघातून काढायचं तर नंतर काढ."

जोएल आधी आला. गडावर चढायचा दोर त्यानं खांद्यावरून उतरवला आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलला. "कुठं धरू?"

तेवढ्यात गुहेच्या तोंडाशी व्हिएतनामचा संघ आला. तिघांच्या तलवारी उपसलेल्या. पुढची मुलगी, डोक्यावर नाव तरंगत होतं, थाओ. तिनं म्हातारीकडं पाहिलं. शेपटीकडं पाहिलं. मग तलवार दगडावर ठेवून ती म्हातारीच्या तोंडाशी जाऊन गुडघ्यांवर बसली आणि काहीतरी पुटपुटायला लागली. भरतेशच्या कानातल्या यंत्रानं भाषांतर करायचा प्रयत्न केला आणि सांगितलं: 'अर्थ नाही. जनावराशी बोलण्याचा आवाज आहे.'

पाय सरळ करायला पिल्लू आधी थोडं आत ढकलावं लागतं. गेममध्ये तसं बटण नव्हतं. भरतेशनं 'दार उघडा'चं बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग त्यानं ते धरून ठेवलं, कळ सरेपर्यंत थांबला, आणि माऊस बोटभर, अगदी बोटभर, वर सरकवला. कार्डाला काय करायचंय ते कळलं. तसले हात त्यानं शेकड्यांनी पाहिले होते. आतला मुडपलेला पाय सरळ झाला आणि पहिल्याच्या शेजारी येऊन टेकला.

"आता दोर. कळ आली की ओढायचं, गेली की सोडायचं. ती सांगेल, आपण नाही."

जोएलनं ओढलं. व्हिएतनामच्या दोघांनी ओढलं. तरी जोर कमी पडत होता. तेव्हा दोराला आणखी एक हात लागला. चिलखतातला. गार्गीचा.

"हं... आली. ओढा. बास. बास... सोडा. हो बाई, हो."

आणि मग ते आलं. आधी दोन पाय, त्यांच्यावर टेकवलेलं नाक, मग एका दमात सगळं, ओलं, वाफाळतं, पातळ पडद्यात गुंडाळलेलं. पडद्यातून आतला उजेड दिसत होता, ओंजळीत दिवा धरावा तसा. पंख अंगाला चिकटलेले, ओल्या छत्रीसारखे. भरतेशनं नाकावरचा पडदा काढला. काहीच हालचाल नाही. पाच लाख बघ्यांतल्या एकानंही काही लिहिलं नाही. मग पिल्लाच्या नाकपुडीतून वाफेची एक बारीक रेघ निघाली, वर गेली आणि मोडली.

हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. कंपनीतल्या कुठल्याही माणसानं ड्रॅगनच्या पिल्लाचा पहिला श्वास कसा असेल याचा विचार केला नव्हता. हे एका वापरलेल्या कार्डाला, गोठ्यातल्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं टक लावून बसल्यामुळं, पाठ झालेलं होतं. म्हातारीनं मान लांबवली आणि पिल्लाला चाटायला सुरुवात केली. जीभ लागेल तिथला एकेक खवला पेटत गेला. गुहेच्या भिंती उजळल्या, आणि सहा योद्धे तोंडं उघडी टाकून, लहान मुलं गणपतीची मूर्ती बघतात तसे बघत राहिले.

"वेळ संपत आली," बऱ्याच वेळानं गार्गी म्हणाली. "ती आडवी आहे. एक वार पुरेल. आपण पुढं जाऊ." ती सांगत नव्हती, विचारत होती.

"जार पडू दे," भरतेश म्हणाला.

"म्हणजे?"

"व्याल्यावर पोटातलं उरलेलं सगळं बाहेर पडतं. ते पडेस्तोवर उठायचं नसतं. उठून गेलं आणि काही झालं तर आपलं पाप."

विरुद्ध संघाकडं तर तलवारी हाताशी होत्या. पण थाओनं भाषांतरातून विचारलं, "पडलं का?" भरतेशनं नकारार्थी मान हलवली. तीही मांडी ठोकून बसली.

भोंगा झाला तेव्हा सहा जण एका ड्रॅगनच्या मागं ओळीनं बसलेले होते. पडद्यावर आलं: दोन्ही संघ बाद. फेरी संपताच जग पुसलं जायचा नियम होता. डोंगर गेला, झाडं गेली, दरीतली नदी खालून वर विझत आली. कडेला छोटी सूचना: 'बाहेर पडण्यासाठी कोणतंही बटण दाबा.' पण गुहा राहिली. तिच्याजवळ अजून खेळाडू होते, आणि एका कार्डाची खात्री तसूभरही कमी झालेली नव्हती. त्याच्या दृष्टीनं काम अर्धंच झालं होतं. काळ्या, रिकाम्या पडद्याच्या मधोमध उजेडाचा एक गोठा तरंगत राहिला.

जार पडली. भरतेशनं खुर्चीला पाठ टेकली. आता बोलणं आलं होतं, ते ऐकायची तयारी त्यानं केली.

"भरतेश," गार्गी म्हणाली. "चार म्हशी? आणि तू आम्हाला मागं भिंत दाखवत होतास?"

"हो."

"बिनडोक आहेस." मग ती म्हणाली, "ते उभं राहायला बघतंय. पडतंय सारखं. आता काय करायचं?"

"पहिलं दूध पाजायचं. लगेच. उशीर झाला तर अंगात ताकद धरत नाही."

"ड्रॅगनला दूध असतं?"

दोघांनी बघितलं. असायचं काही कारण नव्हतं. पण होतं. मागच्या पायांच्या मध्ये कास टम्म भरली होती, आणि आतून सायीसारखा उजेड झिरपत होता.

"तू पाज की," गार्गी म्हणाली.

"माझ्याकडं साधा माऊस आहे, मला काही लागायचं नाही. तुझे ते पडद्यावरचा स्पर्श हाताला देणारे हातमोजे आहेत ना? तू पाज. समोरून नको, बाजूनं जा. आधी म्हातारीच्या पाठीवर हात ठेव. कोण आलंय ते तिला कळू दे."

गार्गीनं हात ठेवला. म्हातारीनं एक डोळा उघडला, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मिटला.

"आता पिल्लाच्या तोंडात बोट दे. चोखायला लागलं, की तसंच बोट धरून कासेकडं ने."

"तोंडात?" गार्गीचं बोट अधांतरी थांबलं. पिल्लाच्या जबड्यातून वाफ येत होती. "भाजलं तर?"

"माहीत नाही," भरतेश म्हणाला. "म्हशीचं भाजत नाही."

जोएल, थाओ, तिचे दोघे, सगळे थोडे पुढं सरकले. गार्गीनं श्वास घेतला आणि बोट आत घातलं.

"गार्गी? कसं लागतंय?"

"खरखरीत," ती कुजबुजली. "आणि... अरे, ओढतंय रे. केवढ्या जोरानं ओढतंय!"